इंजिनवाल्याने पाणीवाला विकत घेतला

एका रबरी गॅस्केटसाठी, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबराच्या तुकड्यासाठी, माझे गेल्या आठवड्यात अकरा फोन झाले. आकडा पक्का आहे. वीस वर्षं नेव्हीच्या इंजिन-रूममध्ये काढली की लॉग लिहायची सवय हाडीमाशी खिळते. अजूनही वहीत वेळ, काम आणि मिळालेलं उत्तर असे तीन रकाने ओढतो. या वेळी तिसऱ्या रकान्यात नऊ वेळा एकच नोंद आहे : 'कळवतो म्हणाले'.

आमची सोसायटी वडोदऱ्याच्या कारेलीबागेत आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी घरात आली तेव्हा आमची पंप-रूम अडीच दिवस पाण्याखाली होती. (नदीतली मगर आमच्याकडे आली नाही. आली असती तर तिच्याकडूनही मेंटेनन्स मागायला सेक्रेटरी कमी करणारे नाहीत.) मोटारी रिवाइंड करून आणल्या, पॅनेल नवीन बसवलं, आरओचे मेम्ब्रेन, म्हणजे मीठ गाळणारे पडदे, फेकून दिले. वाळूच्या फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, पाण्याची वाट बदलणारा, तेवढा धुऊनपुसून तसाच ठेवला होता. त्याच्या पोटात कोळ्याच्या आकाराचं एक गॅस्केट असतं, मधून पाय फुटलेलं. त्याचा एक पाय तुटला की बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतानाचं, गढूळ पाणी चांगल्या पाण्यात मिसळतं. या उन्हाळ्यात तो तुटला. अडीचशे रुपयांची वस्तू.

प्लांट बसवणारी कंपनी छोटी होती. मालक स्वतः फोन उचलायचा आणि आवाजावरून ओळखायचा, ''बोला फौजी, काय लीक झालं?'' दोन वर्षांपूर्वी ती एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. आता फोनवर बाई गोड आवाजात एक दाब, दोन दाब सांगते. शेवटी जो मुलगा भेटला तो म्हणाला, ''अंकल, तो मॉडेल बंद झाला. व्हॉल्व्ह आखा बदलावा लागेल, आणि नवीन व्हॉल्व्ह जुन्या व्हेसलवर, म्हणजे फिल्टरच्या टाकीवर, बसत नाही, तर व्हेसलपण.'' म्हणजे कोळ्याच्या एका पायासाठी अख्खं घर पाडायचं.

हे गाऱ्हाणं मी मुंबईच्या भाच्याला ऐकवलं. तो कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे हिशेब मांडणाऱ्या ऑफिसात आहे. म्हणजे नक्की काय करतो हे त्याच्या आईलाही, म्हणजे माझ्या ताईलाही, सांगता येत नाही. तो हसला. ''मामा, तुमच्या लाइनमधलीच एक गोष्ट पाठवतो. जुनी आहे, पण तुम्हाला आवडेल.''

आवडली म्हणूनच लिहायला बसलोय.

अमेरिकेत फेअरबँक्स मोर्स डिफेन्स म्हणून कंपनी आहे. विस्कॉन्सिन राज्यात बेलॉइट गावी तिचा कारखाना, आणि अमेरिकन नेव्हीला जहाजांची डिझेल इंजिनं पुरवणं हा मुख्य धंदा. तिने काही वर्षांपूर्वी मॅक्झिम वॉटरमेकर्स ही कंपनी विकत घेतली. ही लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टची, समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारी यंत्रं बनवणारी. मॅक्झिम म्हटल्यावर मला आधी मशीनगन आठवली. नेव्हीत वर्षं काढलेल्या माणसाला पाणी आठवायला हवं होतं.

फेअरबँक्स मोर्स हे नाव मात्र मी ऐकून होतो. लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीत शिकताना आमच्या एका इन्स्ट्रक्टरने फळ्यावर एक इंजिन काढलं आणि विचारलं, ''याचं हेड कुठे आहे?'' सगळा वर्ग शोधत बसला. त्याला हेड नव्हतंच. एकाच सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर, मध्ये जाळ. वर एक क्रँकशाफ्ट, खाली एक. व्हॉल्व्हही नाहीत. सिलिंडरचा व्यास आठ इंच आणि वर एक सूत. त्यामुळे इंजिनाच्या नावातच 'आठ पूर्णांक एक अष्टमांश' हा आकडा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कितीतरी पाणबुड्या याच इंजिनावर चालल्या, आणि पुढे अणुपाणबुड्यांवरही ते अडीअडचणीला वीज देणारं इंजिन म्हणून राहिलं. नावातले फेअरबँक्स तर मुळात वजनकाट्याचे. 1830 च्या सुमारास व्हरमाँटमध्ये थॅडियस फेअरबँक्सने गाडीसकट माल तोलणारा प्लॅटफॉर्म काटा काढला, त्या घराण्याचं हे नाव. काट्यावरून इंजिन आणि इंजिनावरून पाणी, असा प्रवास.

2020 मध्ये आर्कलाइन नावाच्या गुंतवणूक कंपनीने हा इंजिनाचा धंदा एनप्रो इंडस्ट्रीजकडून 45 कोटी डॉलरला घेतला. त्यानंतर जी खरेदी सुरू झाली ती आमच्या हिच्या खंडेराव मार्केटच्या पिशवीसारखी. हंट व्हॉल्व्ह घेतली, ती व्हॉल्व्हवाली. वॉर्ड लिओनार्ड घेतली, ती मोटारवाली. वेलिन लॅम्बी ही इंग्लंडची, बोटी खाली सोडायचे डेव्हिट बनवणारी. फेडरल इक्विपमेंटकडे जहाजावर दारूगोळा चढवणाऱ्या लिफ्ट. अमेरिकन फॅनकडे पंखे. आणि या सगळ्यांत पाणीवाली मॅक्झिम.

भाच्याला विचारलं, ''अरे, पण इंजिनवाल्याला एवढा पसारा कशाला?''

''मामा, जहाज एकदा पाण्यात उतरलं की किती वर्षं चालतं?''

''तीस. ओढलं तर चाळीस.''

''मग इंजिन एकदाच विकलं जातं. सुटे भाग चाळीस वर्षं.''

त्याचा हिशेब बरोबर असेल. पण इंजिन आणि पाणी एका छताखाली आले यात मला नवल वाटलं नाही ते वेगळ्याच कारणाने. इंजिन-रूममध्ये ते दोघे कायम शेजारीच राहत आले आहेत.

डिझेल इंजिनात जे तेल जळतं त्यातली साधारण निम्मी उष्णता कामी येते. उरलेली धुराड्यातून जाते आणि इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यातून जाते. हे जॅकेट-वॉटर बाहेर पडतं तेव्हा ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर असतं. ते थंड तर करायलाच हवं, मग समुद्रात उष्णता फुकट का घालवा? ते इव्हॅपमध्ये फिरवतात. इव्हॅप म्हणजे इव्हॅपोरेटर. पूर्ण नाव फक्त परीक्षेत लिहायचं. आतली हवा इजेक्टरने खेचून काढली की दाब इतका उतरतो की समुद्राचं पाणी पन्नासेक अंशांवरच उकळायला लागतं. आमच्याकडे घरी चहाचं पाणी कोमट म्हणावं तितक्यात तिथे वाफ धरते. वाफ वर जाते, थंड नळ्यांवर बसते, थेंब खाली. मीठ मागे राहतं आणि ब्राइन होऊन परत समुद्रात जातं. लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यातून जवळपास शून्य मिठाचं पाणी, तेही इंजिनाच्या वाया जाणाऱ्या धगीवर. मी एकविसाव्या वर्षी हे पहिल्यांदा चालू केलं तेव्हा साइट-ग्लासमधून उकळी बघत अख्खा वॉच, म्हणजे पूर्ण पाळी, उभा राहिलो होतो. इंजिन-रूममधले आमचे चीफ ओरडले, ''सिनेमा बघतोस का रे?''

त्या पाण्याला चव नसते. अजिबात नसते. नवीन मुलं तोंड वाकडं करायची. पण गॅलीतला कुक ते पाणी आलं की खूश, कारण डाळ पटकन शिजते. बंदरातलं पाणी जड, डाळ टणक राहायची. कुठलं पाणी चालू आहे हे आम्ही जेवणावरून ओळखायचो. किनाऱ्याजवळ इव्हॅप चालवायचं नाही, कारण पन्नास अंशांवर जंतू मरत नाहीत आणि किनाऱ्याच्या पाण्यात काय काय असतं ते मुंबईच्या माणसाला सांगायला नको.

आता ती गोष्ट. कुठली शिप, कुठलं साल, ते सोडून द्या. पावसाळ्यात अरबी समुद्रात होतो आणि इव्हॅपच्या पुढच्या दाराचं गॅस्केट गेलं. दार मोठं, गॅस्केट पातळ. हवा आत शिरली की व्हॅक्यूम पडतो, व्हॅक्यूम पडला की पाणी उकळत नाही. दिवसाला दहा टन पाणी देणारं यंत्र तीनवर आलं. जहाजावर शंभरावर माणसं. स्टोअरमध्ये गॅस्केट नाही. बनवणारी कंपनी परदेशातली, आणि ती तोवर दोनदा विकली गेली होती. तिसऱ्या मालकाच्या यादीत आमचा पार्ट नंबरच नव्हता. मागणी करून सात महिने झाले होते.

नळ सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं सुटायचे. दहा मिनिटांत दाढी, आंघोळ, कपडे. त्यातलं एकच जमायचं. तिसऱ्या दिवशी चीफने रबरशीट मागवली, दाराच्या कडेवर अंथरली आणि बॉल-पीन हातोडीने कडेकडेने टकटक ठोकत गेले. लोखंडाची कड खालून रबर कापते, वर रेघ उमटते. जहाज डोलतंय, दोघांनी शीट धरलीय आणि ते न मोजता, न आखता ठोकतायत. दोन तास लागले. दार लावलं, व्हॅक्यूम चढला. मीठ मोजणाऱ्या सॅलिनोमीटरवर भरवसा न ठेवता त्यांनी कपात पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. झालं नाही. चीफ तो कप प्यायले नाहीत, माझ्या हातात दिला. तसं बेचव, सुंदर पाणी मी नंतर प्यायलो नाही.

बंदरात आल्यावर त्यांनी त्या कापलेल्या गॅस्केटचा छाप ब्राउन पेपरवर घेतला, मापं लिहिली आणि मॅन्युअलमध्ये घडी करून ठेवला. तो कागद म्हणजे त्या यंत्राचं आयुष्य होतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मोठ्या जहाजांवर हेच मोठ्या आकड्यांत होतं. अमेरिकेच्या निमित्झ वर्गातल्या विमानवाहू जहाजावर दिवसाला सुमारे चार लाख गॅलन, म्हणजे पंधरा लाख लिटर गोडं पाणी तयार करता येतं. तेवढं लागतंही. पाच हजारांची वस्ती, वर विमान फेकणारे वाफेचे कॅटापल्ट, त्यांची वाफही याच पाण्याची. आणि ते बिघडलं की काय होतं तेही निमित्झवरच दिसलं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पिण्याच्या पाण्यात विमानाच्या इंधनाचा अंश सापडला आणि जहाज बंदरात थांबवून बाहेरचं पाणी द्यावं लागलं. अणुभट्टीवर चालणारं जहाज, आणि पाण्यापायी धक्क्याला बांधलेलं.

आता नवीन जहाजांवर इव्हॅपची जागा आरओ घेत आहे. आपल्या सिंकखालचा आरओ चार-पाच बारवर चालतो. समुद्राच्या पाण्याला पंचावन्न ते सत्तर बार लागतात. आत गेलेल्या पाण्यातलं तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्त गोडं होऊन येतं, बाकी परत. इंजिन बंद असलं तरी पाणी मिळतं, हा फायदा. पण मेम्ब्रेन नाजूक नवरदेव. क्लोरीन लागलं, रुसला. तेलाचा तवंग लागला, संपला. इव्हॅपला हातोडीने वठणीवर आणता यायचं. मेम्ब्रेन कुणी हातोडीने ठोकून बनवत नाही, ते येईल तिथूनच आणावं लागतं. म्हणून गेल्या वर्षी, 2025 च्या मे महिन्यात, डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने समुद्राच्या पाण्यासाठी उच्च दाबाचं देशी मेम्ब्रेन आठ महिन्यांत तयार केल्याची आणि कोस्टगार्डच्या एका गस्ती जहाजावर त्याच्या सुरुवातीच्या चाचण्या चांगल्या झाल्याची बातमी आली, तेव्हा मी ती कापून ठेवली. घरात कुणी कौतुक केलं नाही. ही म्हणाली, ''आपल्या सोसायटीला बसेल का ते?''

तर भाच्याशी माझा वाद झाला तो इथे. त्याचं म्हणणं, मोठ्याने छोट्याला घेतलं की छोटा वाचतो. श्रीव्हपोर्टची कंपनी एकटी राहिली असती आणि उद्या मालकाच्या मुलाला धंदा नको झाला असता, तर त्या यंत्रांचं काय? आता नेव्हीला एक नंबर फिरवला की इंजिन, व्हॉल्व्ह, मोटर, पाणी, सगळं एका ठिकाणी. नकाशे सुरक्षित.

बोलणं खोटं नाही. त्या दाराच्या गॅस्केटसाठी असा एक नंबर असता तर मी त्या नंबरला हार घातला असता.

पण मी दुसरी बाजूही पाहिली आहे. नेव्हीतून सुटल्यावर वडोदऱ्यातल्याच मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका पंपाच्या कारखान्यात मेंटेनन्स बघायला लागलो. कारखाना चांगला, पंप उत्तम, मालक म्हातारा. एका मोठ्या ग्रुपने तो घेतला. आम्ही सगळे खूश होतो. नवीन लोकांनी पहिल्या महिन्यात कँटीनचा चहा सुधारला. दुसऱ्या महिन्यात सगळ्यांना सारखे शर्ट दिले. तिसऱ्या महिन्यात पॅटर्न-शॉप रिकामं केलं. ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचे नमुने, सागवानी, चाळीस-चाळीस वर्षांचे, प्रत्येकावर तांबड्या रंगात नंबर. 'हे पंप आता आपण बनवत नाही' असं सांगून ते जळणाच्या भावात गेले. पंप बनवत नव्हते हे खरं, पण ते पंप साखर कारखान्यांत आणि गावोगावच्या पाणीयोजनांत चालू होते. पुढची दोन वर्षं रोज कुणीतरी इम्पेलर, म्हणजे पंपाच्या आतलं फिरतं चाक, मागायला फोन करायचा आणि आमच्या ऑफिसातली मुलगी म्हणायची, 'कळवतो'.

माझे आजोबा कलाभवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेलं ते कलाभवन, लोकांनी हाताने यंत्रं बनवायला शिकावं म्हणून. आजोबांनी बनवलेला एक पॅटर्न आमच्या माळ्यावर अजून आहे, कुठल्याशा कप्पीचा. ती कप्पी कुठे आहे कुणास ठाऊक, पण उद्या सापडली आणि तुटली तर मी पुन्हा ओतून आणू शकतो. मी भाच्याला एवढंच विचारलं, ''तुमच्या त्या खरेदीच्या कागदांत पॅटर्नची किंमत कुठल्या रकान्यात लिहितात?''

तो म्हणाला, ''मामा, इन्व्हेंटरीत. किंवा स्क्रॅपमध्ये.'' मग जरा थांबून, ''बघतो मी.''

अमेरिकेच्या नेव्हीचं बरं आहे. तिला ब्राउन पेपरवर भागवायची वेळ येणार नाही, तिच्या करारांत पार्ट नंबर चाळीस वर्षं जिवंत ठेवायची अट घालायची ताकद आहे. आणि विकणाऱ्यालाही माहीत आहे की दुसरं दुकान नाही, तेव्हा भाव तो म्हणेल तो. व्हॉल्व्हही त्याचा, मोटरही त्याची, पाणीही त्याचं. कारेलीबागेतल्या अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीत यातली कुठलीच ताकद नाही. आमची ताकद म्हणजे मी, आणि सेक्रेटरी प्रफुल्लित असतील तर त्यांची ॲक्टिवा.

दहावा फोन मकरपुऱ्याच्या जुन्या ओळखीच्या रबर-मोल्डिंगवाल्याला केला. तो म्हणाला, ''घेऊन या तुटलेलं.'' गेलो. त्याने गॅस्केट काचेवर ठेवलं, तुटलेला पाय जुळवून बघितला, व्हर्निअर लावला. जाडी, रुंदी, प्रत्येक पायाचा कोन. कागदावर लिहीत गेला. म्हणाला, ''डाय बनवावी लागेल. एक पीससाठी परवडत नाही. सहा घ्या.'' पैसे किती ते लिहीत नाही, कमिटीतले दोघे हा ब्लॉग वाचतात.

अकरावा फोन त्याचा होता, तयार आहे म्हणून.

काल संध्याकाळी बसवलं. हँडल फिरवून बॅकवॉश दिला, मग रिन्स, मग सर्व्हिस. ग्लासात पाणी घेतलं. सिल्व्हर नायट्रेट आता माझ्याकडे नाही, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आहे. आरओच्या आधी अकराशे, नंतर नव्वद. वॉचमनच्या हातात ग्लास दिला. तो म्हणाला, ''तुम्ही आधी प्या, काका.''

उरलेली पाच गॅस्केट, मोल्डिंगवाल्याच्या मापाच्या कागदाची झेरॉक्स आणि प्लांटचं जुनं मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंप-रूममध्ये टांगलं आहे. भिंतीवर 2024 च्या पुराची रेघ अजून दिसते. खिळा तिच्यावर दोन हात उंच ठोकला.